क्रॉस स्टिचचा दोरा ऑनलाइन घेताना फोटो बघू नका, नंबर बघा

प्रश्न असा आला होता: "काकू, मी नाशिकला इंदिरानगरला राहते, क्रॉस स्टिच, म्हणजे फुल्यांचं भरतकाम, नव्यानंच शिकतेय. सासरे दरवर्षी त्र्यंबकहून निवृत्तीनाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला जातात, त्यांच्यासाठी विठ्ठलाचा चार्ट घेतलाय, १५० बाय २१० टाक्यांचा, ३० शेड आहेत, नंबर डीएमसी कंपनीच्या दोऱ्याचे. मेनरोडला फिरले, अर्ध्या शेडसुद्धा मिळाल्या नाहीत. ऑनलाइन १०० लडींचा सेट अगदी स्वस्तात दिसतोय, तो घेऊ का? आणि कापड कुठलं?"

तू काकू म्हटलंस म्हणून मी सरळ अगं-तूगं करते हं. आधी एकच सांगते, तो १०० लडींचा सेट या कामासाठी घेऊ नकोस. हात बसवायला, बुकमार्क करायला, मुलांना शिकवायला तो ठीक आहे, पण सासऱ्यांना द्यायच्या विठ्ठलाला नाही. का ते नीट सांगते, कारण मी २० वर्षांच्या वर क्लास घेतेय आणि दरवर्षी कोणीतरी हेच करतं आणि मग रडवेल्या आवाजात फोन करतं.

पहिली गोष्ट, त्या सेटमध्ये प्रत्येक रंगाची एकच लड असते. तुझा विठ्ठल काळासावळा, म्हणजे काळ्या शेडचे टाकेच सहा-सात हजार निघतील, एक लड कशी पुरणार? आणि १०० रंगांमधले तुझ्या चार्टशी जुळणारे फार तर २०-२५, बाकीचे पडून राहणार. दुसरं म्हणजे बऱ्याच सेटवर लडीला नंबरच नसतो, नुसते रंग. नंबर नसलेला दोरा म्हणजे पुन्हा मिळेल याची काहीच खात्री नाही. माझ्या मते ऑनलाइन दोरा घेताना नंबर हीच एक गोष्ट आपल्या हातात असते, फोटो अजिबात नसतो. मोबाइलच्या स्क्रीनवर तुला जो किरमिजी दिसतो तो माझ्या मोबाइलवर विटकरी दिसेल, ब्राइटनेस कमीजास्त केला तरी शेड बदलते. येवल्याला पैठणी घेताना आपण पदर उचलून दुकानाच्या दारात उजेडात नेऊन बघतोच ना, ट्यूबलाइटखाली कोणी रंग ठरवत नाही, मग स्क्रीनवर बघून कसा ठरवायचा.

आता नंबराचं. तुझा चार्ट डीएमसीचा आहे. डीएमसी ही फ्रान्सची जुनी कंपनी, १७४६ ची, आणि जगभरातले बहुतेक चार्ट त्यांच्याच नंबरांवर असतात. त्यांच्या सहापदरी सुती दोऱ्याच्या आता ५०० शेड आहेत, एक लड ८ मीटरची. आपल्याकडे दुकानात मिळतो तो अँकर, तोही चांगला सुती दोरा, लड तीच ८ मीटर, सहा पदर, पण नंबरांची पद्धत पूर्ण वेगळी. आणि इथेच सगळ्यात मोठा घोटाळा होतो बघ. डीएमसीचा ३१० म्हणजे काळा. अँकरचा ३१० म्हणजे तपकिरी! अँकरमध्ये काळा हवा असेल तर ४०३. माझ्या क्लासमधल्या एका मुलीनं अशीच ३१० च्या सहा लडी मागवल्या, चार्टवर ३१० लिहिलंय म्हणून, पण मागवल्या अँकरच्या, आणि पार्सल उघडलं तर सगळा खाकी-तपकिरी दोरा. दुकानदाराची चूक नव्हतीच, त्यानं मागितला तो नंबर पाठवला. तसंच डीएमसीच्या ०१ ते ३५ या शेड २०१७ च्या सुमारास आल्या, त्यातला ०१ हा फिकट राखाडी आहे आणि अँकरचा १ म्हणजे पांढराशुभ्र. तुझ्या चार्टमध्ये असे एक-दोन आकडी नंबर असतील तर ते जुन्या तक्त्यांमध्ये सापडणारच नाहीत, नवा तक्ता बघ.

तक्ता म्हणजे डीएमसीला अँकरचा कुठला नंबर लागतो त्याची यादी. नेटवर भरपूर आहेत, पण एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही हे लक्षात ठेव. डीएमसी ६६६, तो भडक लाल, त्याला बहुतेक ठिकाणी अँकर ४६ दिलेला असतो. पण ३२१ ला काही तक्त्यांत ४७ आणि काहींत ९०४६. कारण दोन कंपन्यांचे रंग मुळात एकसारखे नाहीतच, जवळचा शोधून जोडलेला असतो. कधीकधी तर डीएमसीच्या दोन वेगळ्या शेडना अँकरचा एकच नंबर येतो, मग चार्टमधली सावली कुठे गेली कळत नाही, चेहरा सपाट दिसतो.

म्हणून मी काय करते सांगते. चेहरा, हात, कापडाच्या चुण्या, जिथे एका रंगाच्या चार-पाच शेड एकमेकींशेजारी येतात, तिथे पूर्ण कुटुंब एकाच कंपनीचं घ्यायचं. म्हणजे विठ्ठलाच्या अंगाचे काळे-राखाडी-निळसर सगळे डीएमसी, नाहीतर सगळे अँकर. अर्धे इकडचे अर्धे तिकडचे नाही. बाकी तुळशीच्या माळेचा हिरवा, पितांबराच्या काठाचा लाल, मागची कमान, असे सुटे सपाट भाग अँकरमध्ये केले तर कोणाला कळणारही नाही आणि पैसे खूप वाचतात, कारण डीएमसीची एक लड अँकरच्या मानानं बरीच महाग पडते. अँकर कमी दर्जाचा आहे असं काहीजणी म्हणतात ते मला पटत नाही, मी कितीतरी कामं पूर्ण अँकरमध्ये केलीयेत आणि भिंतीवर अजून चकाकतायत.

चकाकीवरून आठवलं, दोऱ्याला जी चमक असते ती मर्सराइज केल्यामुळे, म्हणजे सूत ताणून धरून कॉस्टिक सोड्यातून काढतात, त्यानं धागा गोलसर होतो, मजबूत होतो आणि रंगही चांगला धरतो. ती चमक धुतल्यावर टिकते. स्वस्त सेटमध्ये पुष्कळदा पॉलिस्टर किंवा पॉलिस्टर-कॉटन मिक्स असतं आणि चमक त्याची असते. ओळखायचं सोपं आहे, बोटभर दोरा स्टीलच्या ताटलीवर चिमट्यात धरून जाळून बघ, सुती असेल तर कागद जळल्याचा वास येतो आणि राख बोटानं चुरडते, पॉलिस्टर असेल तर वितळून टोकाला कडक गोळी होते. आणि शोधताना 'सिल्क थ्रेड' लिहिलेलं आलं तर सोडून दे, ती रिळं बांगड्या-झुमके गुंडाळायला असतात, आपल्या कामाची नाहीत. मशिन एम्ब्रॉयडरीची रिळंही नाहीत. 'स्ट्रँडेड कॉटन', सहा पदर, ८ मीटर, असं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे. आणखी एक, '४४७ शेडचा फुल सेट' असं दिसलं की तो बहुतेक चिनी सेट असतो, त्यावर डीएमसीचेच नंबर छापलेले असतात पण दोरा डीएमसीचा नसतो. काहींचे रंग बरे जुळतात, काहींचे नाही, एका विक्रेत्याचा चांगला निघाला म्हणून दुसऱ्याचा निघेल असं नाही.

आता कापड, आणि खरं तर हे आधी ठरवायला पाहिजे, कारण किती लडी लागतील ते कापडावर ठरतं. आपल्याकडे दुकानात 'मॅटी' म्हणून मिळतं ते आणि 'आयडा' म्हणून ऑनलाइन मिळतं ते दिसायला सारखंच, चौकोनी भोकांचं. आयडाला काउंट असतो, ११, १४, १६, १८, म्हणजे एका इंचात किती फुल्या बसतात ते. तुझे टाके १५० आणि २१०, भागिले १४ केलंस तर पावणेअकरा इंच बाय १५ इंच असं चित्र होईल. फ्रेमसाठी चारही बाजूंना ३-३ इंच जास्तीचं सोडायचं, म्हणजे १७ बाय २१ इंचाचा तुकडा. हेच ११ काउंटवर केलंस तर चित्र साधारण साडेतेरा बाय १९ होतं आणि कापड २० बाय २५ लागतं. १८ काउंटवर चित्र छोटं आणि सुंदर होतं पण नव्या माणसाच्या डोळ्यांना त्रास, रात्री दिव्याखाली तर नकोच. तुझ्यासाठी १४ बरोबर.

दुकानातली सुटी मॅटी वाईट नसते, टेबलक्लॉथला, तोरणाला मी तीच वापरते. पण चेहरा असलेल्या कामाला ती घ्यायच्या आधी फूटपट्टी लावून आडवी आणि उभी दोन्हीकडून भोकं मोजायची. १४ काउंटला १० सेंटीमीटरमध्ये ५५ घरं यायला हवीत, दोन्ही बाजूंनी. आडवी ५५ आणि उभी ५० अशी निघाली तर तुझा विठ्ठल उंच किडकिडीत होईल, उलटं धरलंस तर बुटका आणि रुंद. हे काम अर्धं झाल्यावर लक्षात येतं आणि मग काही करता येत नाही. ऑनलाइन आयडा घेतलास तरी आल्या आल्या हे मोजायचं, रिटर्नची मुदत असेपर्यंत. आणि विक्रेत्यानं माप इंचात दिलंय की सेंटीमीटरमध्ये ते दोनदा वाच, ३० बाय ४० वाचून माणूस खूश होतो आणि येतो तो उघडलेल्या वहीएवढा तुकडा.

आता लडींचा हिशोब. १४ काउंटवर दोन पदर वापरतात. ८ मीटरच्या लडीत सहा पदर म्हणजे एकेरी ४८ मीटर, दोन-दोन पदर केले की २४ मीटर. एका फुलीला पुढून दोन तिरपे आणि मागून दोन सरळ धरले तर साधारण ९ मिलिमीटर दोरा जातो, म्हणजे कागदावर २६०० च्या वर फुल्या होतात, पण सुरुवात, शेवट, उसवणं, सुईत उरलेलं टोक, एका जागेवरून दुसरीकडे उडी मारणं यात खूप जातो, म्हणून मी एका लडीला १८०० फुल्या धरते. ११ काउंटवर तीन पदर लागतात, तिथे १००० धरायच्या. तुझ्या चार्टच्या शेवटी प्रत्येक शेडचे टाके दिलेले असतील, नसतील तर अंदाजानं मोज. काळे समजा ७००० निघाले तर १८०० नं भागून जवळजवळ चार येतात, तू पाच घे. ज्या शेडचे टाके ३००-४०० आहेत त्याची एक पुरे. अशा ३० शेड मिळून ४० च्या आसपास लडी होतील, १०० नाही.

मोठ्या भागाची शेड मात्र एकाच वेळी, एकाच विक्रेत्याकडून, सगळी घ्यायची, यात कंजुषी नको. मी स्वतः एका राधाकृष्णाच्या आकाशाला दोन लडी कमी घेतल्या होत्या, चार महिन्यांनी तोच नंबर मागवला आणि हातात धरल्यावर सारखाच वाटला, पण फ्रेम करून दिवाणखान्यात लावल्यावर दुपारच्या उजेडात आकाशात एक आडवा पट्टा दिसायला लागला. रंगवताना लॉट बदलला की इतका फरक पडू शकतो. तो पट्टा मला अजून दिसतो. आता माझा नियम असा की नवीन लॉट आलाच तर जुनी लड संपवून नवी सुरू करायची नाही, शेवटच्या लडीपासूनच जुन्याचा एक पदर आणि नव्याचा एक पदर असे मिसळून टाके घालायचे, म्हणजे बदल हळूहळू होतो.

रंग जाण्याचं पण बघ, विशेषतः लाल, मरून, गडद निळा आणि काळा. पार्सल आलं की प्रत्येक गडद शेडचा वीतभर तुकडा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या सुती फडक्यात दाबून दहा मिनिटं ठेवायचा. फडक्यावर डाग आला तर ती लड गार पाण्यात, पाणी स्वच्छ येईपर्यंत, पुन्हा पुन्हा खळबळायची, तरी जात राहिला तर त्या कामाला वापरायचीच नाही. मी हे शिकले ते एका सुट्या दोऱ्याच्या लाल काठामुळे, धुतल्यावर सगळ्या क्रीम कापडावर गुलाबी झाक आली, तीन महिन्यांचं काम होतं. असं कधी झालंच तर कापड सुकू द्यायचं नाही आणि इस्त्री तर मुळीच नाही, डाग पक्का बसतो, गार पाण्यात ठेवून पाणी बदलत राहायचं, बऱ्याचदा निघतो.

सुई २४ नंबरची टॅपेस्ट्री, टोक बोथट, नेढं लांबट. साधी टोकदार सुई नको, ती कापडाचे धागे फाडत जाते. १६-१८ काउंटला २६ नंबर, ११ ला २२. सुया दुकानातून घे, त्यासाठी कुरिअरचे पैसे कशाला. कापड ताणून धरायची रिंगही इथेच मिळेल, हातात धरून स्क्रू घट्ट बसतो का ते बघून घ्यावी. रेषा मारायला पाण्यानं जाणारं निळं पेन घेतलंस तर धुण्याआधी इस्त्री फिरवू नकोस, नाहीतर निळं तिथेच राहतं.

कुठून घ्यायचं हे विचारलं नाहीस पण सांगते. मोठ्या वेबसाइटवर घेताना नुसतं वस्तूचं नाव वाचू नकोस, विकणारा कोण आहे ते बघ, एकाच पानावर पाच विक्रेते असतात आणि रिव्ह्यू सगळ्यांचे एकत्र आलेले असतात. कमी स्टारवाले रिव्ह्यू आणि त्यातले ग्राहकांनी काढलेले फोटो आधी बघ, तिथे लडीचे कागद दिसतात, नंबर छापलाय की नाही ते कळतं. एमआरपी, नेट क्वांटिटी आणि माल कुठल्या देशातला हे पानावर लिहिलेलं असायलाच हवं, कायद्यानं बंधन आहे, नसेल तर मी तिथून घेत नाही. शक्यतो क्राफ्टचंच सामान विकणाऱ्या, शेड नंबरानुसार एक-एक लड निवडू देणाऱ्या दुकानाकडून घे. 'असॉर्टेड' लिहिलं असेल तर रंग ते ठरवणार, तू नाही. ऑर्डर देताना रिमार्कमध्ये लिही की शेड नसेल तर बदली पाठवू नका, पैसे परत करा. हे एक वाक्य लिहायला लागल्यापासून माझा खूप मनस्ताप वाचला, कारण नाहीतर ते जवळचा रंग टाकून मोकळे होतात. आणि पार्सल फोडताना मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेव, चुकीचं निघालं तर तोच पुरावा. विक्रेता ऐकतच नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

परदेशी साइटवर दोरा स्वस्त दिसतो पण कुरिअर, कस्टम ड्युटी, टॅक्स, वरून हाताळणीचे पैसे, सगळं धरलं की इथल्यापेक्षा महाग पडतो, आणि यायला किती दिवस लागतील सांगता येत नाही. तुझ्यासारख्या ४० लडींसाठी नकोच. पूर्ण किट घ्यायचा मोह झाला तर त्यात 'काउंटेड' आहे की 'स्टँप्ड' ते बघ, काउंटेडमध्ये चार्ट बघून घरं मोजत फुल्या घालायच्या, स्टँप्डमध्ये त्या कापडावर छापलेल्या असतात, आणि काही वेळा क्रॉस स्टिच म्हणून शोधल्यावर डायमंड पेंटिंगच दाखवतात, ते चिकटवायचे खडे असतात, दोऱ्याचा संबंधच नाही.

आणि ऑनलाइनच कशाला, एखाद्या दिवशी सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसनं मुंबईला जाऊन भुलेश्वर, क्रॉफर्ड मार्केटकडे फिरून संध्याकाळच्या पंचवटीनं परत येता येतं, मी वर्षातून एकदा जातेच, अवघड शेड हातात घेऊन बघायला मिळतात. पुण्यात कोणी असेल तर रविवार पेठेतून आणवता येतं. पण जाताना शेडची यादी दोन्ही कंपन्यांच्या नंबरांसकट लिहून ने, तिथे उभं राहून मोबाइलवर तक्ता शोधत बसलीस तर दिवस जातो.

सामान आलं की लडीचा कागद काढून टाकू नकोस, नंबर त्यावरच असतो. पुठ्ठ्याच्या बॉबिनवर गुंडाळणार असशील तर आधी बॉबिनवर नंबर आणि कंपनी दोन्ही लिही, म्हणजे 'डी ३१०' नाहीतर 'अँ ४०३' असं. पावसाळ्यात आपल्याकडे कपाटात ओल येते, म्हणून झिपच्या पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेव, आणि खिडकीतल्या उन्हात डबा ठेवू नकोस, एप्रिल-मेमध्ये रंग उडतात.

वेळेचं पण धर. ३१,५०० टाके आहेत. सुरुवातीला तासाला १५० झाले तरी खूप झाले, म्हणजे २१० तास, रोज दोन तास बसलीस तर साडेतीन महिने. पालखी त्र्यंबकहून निघायच्या आत धुऊन, इस्त्री करून, फ्रेम करून हवं असेल तर फ्रेमवाल्याचे आठ-दहा दिवस वेगळे ठेव आणि मागे मोजत ये.

म्हणून आज पूर्ण ऑर्डर देऊ नकोस. आज फक्त १४ काउंट आयडाचा तुकडा आणि डीएमसी ३१० ची एक लड मागव, शिवाय चेहऱ्यातल्या सगळ्यात जवळच्या दोन राखाडी शेड. आल्यावर कापडाची घरं मोज, दोऱ्याची पाण्याची परीक्षा घे, एका कोपऱ्यात २०-२५ फुल्या घालून बघ कापड भरतंय का दोन पदरांत. विक्रेता नीट निघाला तर त्याच आठवड्यात त्याच्याकडूनच उरलेल्या सगळ्या शेड, काळ्याच्या उरलेल्या चार लडी एकत्र. आधीची एक लड वेगळ्या लॉटची वाटली तर ती चेहऱ्याला लावू नकोस, खाली विटेजवळ वापर. चार्टच्या शेवटचं शेडचं पान मला पाठव, टाक्यांच्या आकड्यांसकट, कुठल्या शेड डीएमसीत घ्यायच्या आणि कुठल्या अँकरमध्ये चालतील ते मी नंबरापुढे लिहून देते.